शेवटच्या ‘एण्ड’चा जोडीदार

मेहुणा : नाही भाऊजी, तो त्याचा जोडीदार नव्हे. शेवटच्या ‘एण्ड’वर कर्सर ठेवलाय ना तुम्ही? मग ज्या अटीचा तो शेवट, तिचा ‘इफ’ वरती कुठेतरी उजळलेला असणार.

भाऊजी : उजळलेला, म्हणजे कोणत्या अर्थाने?

मेहुणा : पिवळा. शब्दामागे पिवळी पट्टी येते.

भाऊजी : माझ्या दृष्टीस तरी सर्व पृष्ठ पांढरे आहे.

मेहुणा : थट्टा करताय?

भाऊजी : मेहुण्याची थट्टा करण्याचा अधिकार मला आहे, परंतु या क्षणी नाही. फिकट पिवळे आणि पांढरे मला पूर्वीपासून एकच.

मेहुणा : ताईला माहीत आहे?

भाऊजी : तिने हौसेने पिवळे पडदे आणले. मी म्हणालो, पांढरे शोभून दिसतात. तेव्हापासून माहीत आहे.

मेहुणा : आणि अख्ख्या लाँड्रीचा प्रोग्रॅम तुम्ही आंधळी कोशिंबीर खेळत लिहिलात?

भाऊजी : संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून ‘इफ’-‘एण्ड’च्या जोड्या लावतो. रंग गडद करता येतो, हेही मी वाचले आहे. परंतु यंत्र सर्वांचे. रंग बदलला की प्रश्न येणार, कोणासाठी? याच महिन्यात मला नोकरीत कायम करणार आहेत. दृष्टीत दोष निघाला, तर पुनश्च धुण्याच्या गाड्या ढकलणे आले.

मेहुणा : बरं, रंग राहू दे. कंट्रोल आणि त्याच्याबरोबर हे कंसाचं बटण दाबा. कर्सर आपला आपण जोडीदाराकडे जातो.

भाऊजी : गेला. हा तर ‘इफ रात्रपाळी’वर जाऊन बसला. वास्तविक रात्रपाळीचे काम दिवे लावण्यापाशीच संपते.

मेहुणा : मग तिथे ‘एण्ड’ कुठाय?

भाऊजी : काल एक ‘एण्ड’ कमी पडतो, असे यंत्राने कळवले. मी अगदी तळाशी एक ठेवून दिला. तक्रार मिटली.

मेहुणा : तक्रार मिटली, घोळ राहिला. मधे काय काय अडकलं, वाचा.

भाऊजी : दिवे लावणे. तत्पश्चात, बॉयलरचा दाब वाढल्यास वाफेची झडप उघडणे.

मेहुणा : म्हणजे झडपही रात्रपाळीच्या पोटात गेली.

भाऊजी : दिवसा दाब वाढला, तर ती उघडणार नाही.

मेहुणा : नाही. आणि हा प्रोग्रॅम उद्या बॉयलरवर चढतोय. दिवसपाळीला ताई तिथेच शेजारी इस्त्रीवर असते.

(भाऊजी कळफलक जवळ ओढतात.)

मेहुणा : सरकवा तो ‘एण्ड’ दिव्यांच्या खाली. इंजिनीअर बाई तपासायला येतीलच. त्याआधी झालं, तर कुणाला कळायचं कारण नाही.

भाऊजी : सरकवला. परंतु ही एक जोडी झाली. बाकीच्याही मी बोटानेच लावल्या आहेत. रंग कुठे बदलतात, ते दाखव.

मेहुणा : आणि कायम व्हायचं?

भाऊजी : गडद निळा असेल तर पाहा.

बाई : (आत येत) झालं का तुमचं? अरे, हे निळं काय केलंय?

मेहुणा : मी केलं, बाई. सहज.

भाऊजी : त्याने केले, माझ्या सांगण्यावरून. फिकट रंग मला दिसत नाही. त्यामुळे झडपेची जोडी चुकली होती, ती आत्ता लावली. उर्वरित अद्याप पाहायच्या आहेत.

बाई : मग उद्या हा चढवायचा नाही. सरका जरा, मला खुर्ची घेऊ द्या. पहिल्या ‘इफ’पासून बघू.

भाऊजी : बाई, माझ्या दृष्टीच्या संदर्भात जे काही…

बाई : ते नंतर. हा कुठे जातो, सांगा.