सातवी बी

लालबागच्या चाळीत नळाच्या रांगेत बकुळा कालच्या पाण्याने अर्धी भरलेली बादली घेऊन उभी होती. बकुळाने शेजारच्या बुधाजीकाकांसमोर मूठ उघडली, तशी मागच्या कांताने मान लांब केली.

“काका, तुम्ही राणीच्या बागेतले माळी,” बकुळा म्हणाली. “ सांगा, यातली कुठली रुजेल? आईच्या रातांब्याच्या बिया. झाड वादळात पडलं, या सातच उरल्यात.”

“राख चोळून सावलीत सुकवल्यास ना?”

“पत्र्यावर, उन्हात.”

“अगो, उन्हात सुकवतात ती मुठेल काढायला, टाचांना लावायचं तेल! रोपाची बी उन्हाने मरते. टाक बादलीत. तरंगली ती मेली, बुडाली ती जगली.”

“सहा तरंगतायत, काका.”

“सातवी अर्धी बुडून विचार करतेय. माझ्या आजाने विहिरीत टाकलेल्या बीने तीन दिवस विचार केला. मग तळाला रुजली ती झाड होऊनच वर आली, फांदीफांदीवर बेडूक!”

“गप्प बसा हो!”

“बकुळे, तुझा नंबर! पाणी जाईल!” कांता मागून ओरडली.

“जाऊ दे.”

“ही बुडाली ना,” बुधाजीकाका म्हणाले, “तर हिच्या पहिल्या फळापर्यंत मुंबई आपली, महाराष्ट्राची झालेली असेल.”

“आधी बुडू दे.”

बी कलंडली, जरा डुलली आणि हळूहळू तळाला जाऊन बसली.

नळ कधी गेला, ते रांगेत कुणालाच कळलं नाही.