परत आलेले

ताजिकिस्तानातल्या खुजंद शहरात, दवाखान्यात मस्तुरा नंबरची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर दोन वयस्क बायका बोलत होत्या.

"मालक परत आले म्हणे तुझे, सानोबर?"

"आले, आपा. चौदा वर्षं रशियात काढून."

"मग आता सुखच सुख."

"कसलं सुख? दिवसभर खिडकीशी बसून असायचे. चहा दिला की पाहुण्यासारखे आभार मानायचे."

"बोलायचंस की."

"काय बोलणार? माझा सगळा दिवस नान भाजण्यात जातो. परवा म्हणाले, मीही येतो भट्टीवर."

"त्यांना काय जमणार?"

"तेच म्हटलं. पहिलाच नान चिकटवायला गेले, तो थेट निखाऱ्यात."

"चिडलीस?"

"हसू फुटलं मला. मग तेही हसले. कसे हसतात हे विसरलेच होते मी."

"आता?"

"माझ्याआधी उठून पीठ मळतात."

मस्तुराने फोन काढला. मॉस्कोहून नवऱ्याने सकाळी विचारलं होतं, अजून दोन वर्षं काम धरू का? तिने 'धरा' असं लिहून ठेवलं होतं, पाठवलं नव्हतं.

ते तिने पुसलं आणि लिहिलं, "नका धरू. घरी या."