डावीकडची माझी, उजवीकडची दादाची

नाही नाही काका, तो नका उचलू — तो अल्बम शेवटी. पलंग गेला, कपाट गेलं, वहिनीचं शिलाई मशीन गेलं, आता एवढंच राहिलंय, म्हणून दादानं तुम्हाला वर पाठवलं ना? ‘धाकट्याकडून माझी अर्धी तिकिटं घेऊन या’ — असंच म्हणाला असेल. स्वतः नाही यायचा वर. बसा तुम्ही, त्या गादीच्या वळकटीवर बसा. टेम्पोवाला ओरडतोय तर ओरडू दे. पोस्टाची तिकिटं आहेत काका, सिमेंटची पोती नाहीत — उचलली, टाकली, झालं, असं नसतं त्यात. लावावी लागतात. आणि कशी लावायची यावरूनच तर आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे तो बोलतो. मी बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण ‘हं’ एवढंच.

दादाचं म्हणणं, देशाप्रमाणे लावायची. सरळ आहे, नाही का? सरळ नाहीये! एका देशाचे मध्येच दोन झाले — आता सांगा, आधीची तिकिटं कुणाच्या पानावर? आणि एक देश तर नाहीसाच झालाय. दादा म्हणाला, मग त्याचं पान फाडून टाक. मी म्हटलं, अरे, त्या तिकिटांवर माणसं आहेत, एक बाई गाय राखतेय, ती जाणार कुठे? तर म्हणाला, तू बटणांच्या दुकानातच काम कर. हो, बटणांच्या दुकानात आहे मी. आठवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून. आमच्या मालकांचा नियम आहे — रंग आधी, भोकं नंतर. सगळं दुकान तसं लावलंय, आंधळ्यालाही सापडेल. म्हणजे आंधळ्याला नाही सापडणार, रंग आधी म्हटल्यावर — पण तुम्हाला कळलं. तर मी तिकिटं रंगाप्रमाणे लावली. निळी निळ्यात, हिरवी हिरव्यात. सुंदर दिसत होती हो! वहिनी आली, बघितलं, म्हणाली, ‘भाऊजी, हे साड्यांचं कपाट छान लावलंय.’ आणि दादा हसला. तिच्याबरोबर हसला. चालायचंच.

मग आई मधे पडली. आईला तिकिटांतलं काही कळत नाही — चहाच्या गाळण्यात एकदा एक राजा सापडला होता, मीच पातेल्यात तिकिटं भिजत घातली होती, पाकिटावरून सुटायला — तेव्हापासून ती तिकिटांना ‘तुमचे ते मेले राजे’ म्हणते. पण तिनं अल्बम हातात घेतला, उघडला, मिटला. परत उघडला. म्हणाली, ‘मिटल्यावर हा दाढीवाला त्या राणीच्या तोंडावर तोंड ठेवून पडतो की रे.’ मी म्हटलं, आई, तो कागद आहे. तर म्हणे, ‘कागद असला म्हणून काय झालं? रात्रभर?’ आता एकदा डोक्यात गेलं की जातं का ते? नाही जात. मी राणीसमोर पक्षी लावले. दाढीवाला गेला मागे, तर त्याच्यासमोर आली मांजर. मांजर हलवली तर ती आली मासोळीसमोर. मासोळी नेली जहाजासमोर, तेवढं बरं वाटलं — तर जहाजासमोरून जे गलबत उठलं, त्याच्यासमोर आला डोंगर. आई म्हणाली, ‘आपटेल ते.’ दादा ऑफिसला गेला की मी आणि आई हेच करत बसायचो, कुणाला कुणासमोर झोपवायचं. हसू नका. दादाही असाच हसला आणि मग एकदम रागावला. म्हणाला, ‘तुम्ही दोघं वेड्यासारखं करताय, मला हे नकोच. आम्ही जातोच आहोत, तर वाटणी करू. अर्धी तुझी, अर्धी माझी. तूच लाव, तूच वाट, मी तोंड उघडणार नाही.’

आम्ही जातोच आहोत. असं मधेच सांगितलं बघा, मासोळी आणि जहाजाच्या मधे.

जवळच चाललाय तसा. तुम्हाला पत्ता दिलाय ना? पुलाच्या पलीकडे. वहिनीला कामाला जवळ पडतं. लोक म्हणतात, मग काय, हाकेच्या अंतरावर. हाकेच्या अंतरावर खरं, पण हाक मारणार कोण? आमच्या घराचं तुम्हाला माहीत नाही काका. आमच्याकडे काम असल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. माणसं वाईट नाहीत, संकोच वाटतो. दारात उभं राहून काय सांगायचं? ‘सहज आलो’? मला नाही जमत. दादालाही नाही जमत, तो नुसता मोठ्यानं बोलतो म्हणून कळत नाही कुणाला. आमचे मामा आहेत, दोन गल्ल्या सोडून राहायला गेले. आमची शिडी त्यांच्याकडे होती तोवर काय येणं-जाणं! आज शिडी आणायला, उद्या शिडी पोचवायला, बसून गप्पा, रात्र व्हायची. मग मामा एकदा बाजारात गेले आणि स्वतःची शिडी घेऊन आले. आमची परत दिली, वर पुसून दिली. संपलं. मामी आजारी होती तेही आम्हाला वाण्याकडून कळलं.

हां — वाटणी. केली ना! झालीय. अगदी चोख केलीय. हा बघा, उघडा कुठलंही पान. डावीकडची माझी, उजवीकडची दादाची. इथे बघा — डावीकडे माझी फुलपाखरं, उजवीकडे त्याची आगगाडी. आगगाडी आणि फुलपाखरं, कुणाला त्रास नाही. उलट चांगलं त्यालाच दिलंय मी. हा तिकोनी देवमासा, याच्यावरून लहानपणी त्यानं माझा कान पिळला होता, मी त्याला चावलो होतो — तो देवमासा त्याच्याच बाजूला आहे. बोलायला जागाच ठेवली नाही. आणि पक्कं चिकटवलंय एकेक, डिंकानं. जाणते लोक चिकटवत नाहीत म्हणे, किंमत जाते, पण किंमत कुणाला —

काय? मागे? मागे काय आहे? उलटा की पान. आगगाडीच्या मागे... हो. मागच्या बाजूला माझी. कारण पान उलटलं की ती डावी बाजू होते ना. म्हणजे प्रत्येक पानाच्या एका अंगाला दादा आणि दुसऱ्या अंगाला मी. म्हणजे त्याचं पान काढलं की माझंही... अरेच्चा. खरंच की. लक्षातच नाही आलं माझ्या.

असे बघू नका हो. ब्लेड काढू नका, पान चिरून त्याचे दोन पदर सुटत नाहीत, मी करून बघितलंय. म्हणजे — नाही, करून बघितलंय म्हणजे — बरं, आलं होतं लक्षात. पहिल्याच पानाला आलं होतं. म्हटलं, आता ही वाटणी झाली, पण वाटून नेता येणार नाही. मग अल्बम राहील इथेच. आणि दादाची अर्धी तिकिटं इथे म्हटल्यावर त्याला यावं लागेल. रविवारी बिविवारी. ‘माझी तिकिटं बघायला आलो’, असं दारात उभं राहून म्हणता येतं ना? येतं. त्यात काही संकोच नाही. आई चहा टाकेल, तो मला शिव्या देईल, कशी लावलीस गाढवा, संध्याकाळ होईल. तर तुम्ही खाली जा आणि एवढंच सांगा, की —

काय म्हणाला?

कधी म्हणाला? मग आधी का नाही सांगितलंत काका, मी इथे तासभर बडबडतोय! ‘जमत नसेल तर सगळीच त्याला राहू देत.’ असं म्हणाला? रागानं? मग कसं? खाली बघून? सगळी. मला. त्याची अर्धीसुद्धा. म्हणजे आता इथे त्याचं काहीच नाही... शहाणा आहे मोठा. माझ्यासाठी सोडून चाललाय, आणि त्याला वाटतंय चांगलं करतोय.

उठा. उठा तुम्ही. हा घ्या. अख्खा घ्या, अख्खा न्या. माझी अर्धी त्याच्याकडे गेली तर गेली — गेली म्हणजे बरंच झालं, मग मलाच जावं लागेल ना. जाईन मी. पूल काय, चालत जाईन. दोन्ही हातांनी धरा. नाही, त्याला काही सांगू नका, हातात द्या आणि गप्प राहा. आणि टेम्पोत मागे टाकू नका, वहिनीच्या मांडीवर द्या. जिना अरुंद आहे, कठड्याकडून उतरा. जा ना. काय उभे राहिलात माझ्याकडे बघत — काही झालं नाहीये, धूळ आहे, कपाट हललं की उडतेच. जा हो काका. जा.