एक आकडा कमी

नायफाच्या मुलाला, सलीमला जुळ्या मुली झाल्या, ते 2018 साल. त्याच साली जैतुनाची फळं उतरवता उतरवता तिचा नवरा खलफ छाती धरून झाडाखाली बसला. जॉर्डनमधल्या अजलूनहून त्याला इरबिदच्या एका खासगी दवाखान्यात आणलं. हृदयाची झडप बदलायची होती आणि आगाऊ रक्कम भरल्याशिवाय आत घेणार नव्हते. मुलगी लुबना दोहात शिक्षिका. तिनं गुरुवारी आईच्या खात्यावर पैसे पाठवले. सोमवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात नायफाचा फोन वाजला.

हॅलो? हॅलो… लुबना? बोल गं बये, ऐकू येतंय… आले का म्हणून मला काय विचारतेस, मीच तुला विचारणार होते…

काय?… परत? परत म्हणजे कुठे परत?… अगं, पैसे काय शेळ्या आहेत, संध्याकाळ झाली की घरी यायला?

थांब, थांब. तू रियाल पाठवलेस. आमच्या आयबॅनच्या, खात्याच्या त्या लांबलचक नंबराच्या डोक्यावर जॉर्डनची अक्षरं आहेत, त्याला रियाल कसे चालतील?… बँक बदलून घेते? आपली आपण?… बरं. मग ते नव्हे.

नाव?… नाव तर बरोबर दिलंस ना? त्या बँकेत या नावाची मी एकटी. काउंटरवरचा पोरगा मला खाला म्हणतो, सख्ख्या मावशीसारखी. नाव बघून टाकायचे खात्यात… नंबर बघतात? नाव राहिलं बाजूला?… घ्या. माणसापेक्षा नंबर मोठा झाला.

हो, हो… मीच वाचून दाखवला. चष्मा लावून… नाही, वाचताना चुकले नाही. म्हातारपणी शिकले, पण आकडे मला चुकत नाहीत…

लुबना… अगं, ऐक ना. आधी रागावू नकोस.

त्या दिवशी मी इथंच बसले होते. शेजारी दोन अनोळखी बाप्ये, कान टवकारून. आणि शेजारच्या उम्म हातिमनं सांगितलं होतं, जरशमधल्या एकाचा आयबॅन कुणाच्या तरी कानावर पडला आणि खातं झाडून नेलं. नंबर म्हणजे किल्ली, म्हणाली. आता किल्ली अशी चारचौघांत… म्हणून मी एक आकडा कमी करून सांगितला. साताचा सहा.

…ओरडू नकोस गं, इथं माणसं बसलीत.

अगं, तेलाचे डबे किती झाले विचारलं, की आपण एक कमीच सांगतो. तुझ्या बापाला लेकरं पाच, लोकांना सांगतो चार. नजर लागू नये म्हणून. तसंच केलं मी. वाटलं, बाकीचे सगळे बरोबर आहेत, एवढ्या एकाचं काय, ओळखतील बँकवाले…

आणि दुसऱ्याच कुणाच्या खात्यात गेले असते तर?… तसंही नाही? नंबरातच पारख असते? कसली?… एक आकडा बदलला की बाकीच्यांशी जमत नाही, आणि बँक घेत नाही… मग गुरुवारीच का नाही बोलले ते मेले?… हं. संध्याकाळ झाली होती. मग शुक्रवार, शनिवार बंद. रविवारी उघडल्यावर परत धाडले… बरं.

आणि नंबर कळलाच कुणाला, तर… काढता येत नाहीत? नुसत्या नंबरावर? फक्त आत टाकता येतात?

मग मी कुणापासून लपवत होते गं?

…नाही, रडत नाहीये.

तुझा बाप ना? सकाळी दोन घोट चहा घेतला. विचारत होता, वरच्या बांधावरचे जैतून उतरले का. ओठ निळे पडलेत. डॉक्टर म्हणाले, रक्कम भरली असती तर कालच आत घेतलं असतं… सरकारी दवाखान्यात? तिथं उन्हाळ्यापर्यंत रांग आहे… सलीमनं गाडी विकायला काढलीय. गिऱ्हाईक अर्ध्यात मागतंय. दे म्हटलं, अर्ध्यात तर अर्ध्यात. पण त्याला गाडी आधी बघायचीय, इंजिन ऐकायचंय…

लिही आता. लिहितेस ना?… हो, मोठ्यानं वाचते. ऐकू दे जगाला. जे… ओ…

दादा, बघता काय? तुम्हालाही लिहून घ्यायचाय? घ्या! टाका त्यात काही, अल्ला भलं करेल तुमचं!

…नाही गं, तुला नाही. हं, पुढे… सात. सात आहे तो, लुबना. सातच… पुढे दोन शून्य… वाच बरं मला… हो… हो… बरोबर.

उद्या मिळतील ना?… काय आहे उद्या?… मौलिद. खरंच की, पैगंबरांचा जन्मदिवस. बँक बंद… म्हणजे परवा?… अगं, तू त्यांना सांग, माणूस आत पडलाय, त्यांना म्हणावं… हॅलो? लुबना? हॅलो…

लुबनाचं फोनकार्ड संपलं होतं. पैसे बुधवारी सकाळी खात्यात आले, सगळेच्या सगळे. खलफ मंगळवारी, 20 नोव्हेंबरला, मौलिदच्या दिवशी दुपारी वारला.