वेबसाइटवरची बरोबरची खूण

आमच्या चादरींच्या दुकानाची वेबसाइट होत होती तेव्हाची गंमत सांगतो. ती करणाऱ्या श्वेतानं विचारलं, "काका, व्यापारी एकदम चार-पाच रंग निवडणार. सगळे रंग समोर मांडून खुणेच्या चौकटी देऊ, की दाबल्यावर उघडणारी यादी?"

मी म्हटलं, "चौकटीच दे. आमच्या छापील यादीवर मंडळी वर्षानुवर्षं खुणाच करतात. कुणाला शिकवायला नको."

पहिली ऑर्डर करकंबच्या मल्लिनाथअण्णांची आली. पांढरा, निळा, हिरवा, अशा तीन खुणा. मी हौसेनं त्याच दिवशी माल रवाना केला. दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन.

"शेठ, लाल चादरीसाठी लग्नाचं गिऱ्हाईक येऊन बसलंय, आनि माझ्याकडं पडून हाय तोच माल तुमी धाडलाय की."

तेव्हा मला आठवलं. छापील यादीवर अण्णा त्यांच्याकडच्या शिल्लक मालावर खूण करायचे आणि खूण नसलेले रंग आम्ही पाठवायचो.

"त्यांना जेवायला घाला, मी आलोच," म्हणून लाल चादरींचा गठ्ठा गाडीत टाकला आणि स्वतः करकंब गाठलं. गिऱ्हाईक चादरी घेऊन गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, वर 'कोणते रंग हवेत' असं ठळक लिहिलंय. वाचलं नाही का?"

अण्णांनी चहा पुढं सरकवला. "तुमचा कागद मी कवा वाचलाय, शेठ? वाचून सही करायला तुमी काय परके हाय व्हय?"