कॅप्टन बॅरोमीटरचा शेवटचा फुगा

भूपेंद्र : आज संध्याकाळी साडेसहाच्या आत, वहिनी, एका महापुरुषाचा अंत होणार आहे! एकोणचाळीस वेळा जग वाचवणारा कॅप्टन बॅरोमीटर माझ्या या हातानं मरणार आहे!

देवकाबाई : हाओ. त्याच्या आधी थो हात धुवा अन् जेवून घ्या. भाकर वाळून राह्यली.

भूपेंद्र : एकतीस वर्षं मी त्याच्या तोंडचं लिहिलं. अमेरिकेतली पोरं त्याच्या कॉमिकचे अंक वाचत मोठी झाली, त्यांना पोरं झाली.

देवकाबाई : अन् इथं सिंदी मेघेत शेजारची वर्षाली मले इचारते, "आजी, तुमचे दीर न्यूयॉर्कले काय करते?" मी सांगतो, चड्डीवाल्याच्या तोंडात शब्द कोंबते.

भूपेंद्र : बरोबरच सांगता. चित्रं आधी काढून येतात. बोलण्याचे फुगे रिकामे. त्यात शब्द मी मागाहून भरायचे.

देवकाबाई : म्हंजे आधी लगन लागलं अन् मंग पोरगी पाह्यली.

भूपेंद्र : तसंच. पण संसार झाला बरा. आता कंपनी म्हणते, कॅप्टनची भाषा म्हातारी झाली. मारा त्याला, पुढच्या महिन्यात नवा आणू. सव्वीस वर्षांचा लेखकही आणून ठेवलाय.

देवकाबाई : मंग त्यालेच मारू द्या ना. तुमी कायले दमता?

भूपेंद्र : दमलोच आहे. पण साडेसहाला तिकडं सकाळचे नऊ वाजतात, ऑफिस उघडतं. तोवर शेवटचा फुगा माझ्याकडून गेला नाही, तर तो पोरगा भरणार. बाकी सगळं कंपनीचं, वहिनी. हा एक फुगा मला माझा हवाय.

देवकाबाई : अन् म्हातारी भाषा म्हंजे कशी असते?

भूपेंद्र : तुमची.

देवकाबाई : माझी?

भूपेंद्र : खलनायक ढगात उडाला की कॅप्टन खालून काय ओरडतो ठाऊक आहे? "लय उडू नको, उतराले जागा ठेव." इंग्रजीत. ते वाक्य बनियनवर छापून विकलं लोकांनी.

देवकाबाई : अवं माय! थे तं मी तुमाले म्हटलं होतं, पहिल्यांदा विमानात बसाले निंगाले तवा!

भूपेंद्र : म्हणून तर पाठ होतं.

देवकाबाई : अन् मले पत्ता नाई! एखादं बनियन तुमच्या दादासाठी तरी धाडाचं, थे होते तवर. दुकानात घालून बसले असते.

भूपेंद्र : दादाचंच आहे हे शेवटचं पान. ऐका. कॅप्टन ढिगाऱ्यात पडलाय, बायको उशाशी बसलीय. आणि मी लिहिलंय की तो परदेशातल्या धाकट्या भावाचं नाव घेतो. फक्त नाव. आणि जातो.

देवकाबाई : भाऊजी, थे खोडा.

भूपेंद्र : का? दादानं तेच केलं ना? चार वर्षांपूर्वी तुम्हीच फोनवर सांगितलंत, शेवटी माझं नाव घेतलं म्हणून. मी येऊ शकलो नाही. तेव्हा कॅप्टन शिकागो वाचवत होता, अंक छपाईला जायचा होता.

देवकाबाई : वाचलं का शिकागो?

भूपेंद्र : वाचलं.

देवकाबाई : बरं झालं.

(देवकाबाई ताट उचलतात, आणि पुन्हा होतं तिथंच ठेवतात.)

देवकाबाई : हे पाहा, आपल्या इकडं तसं सांगाच लागते. दूरच्या माणसाले फोन केला का "तुमचंच नाव घेतलं" म्हणाचं. गिरडच्या तानबाचा बाप सहा महिने वाचा जाऊन पडला होता. त्यानंही शेवटी दुबईवाल्या पोराचंच नाव घेतलं!

भूपेंद्र : म्हणजे दादानं...

देवकाबाई : मले वाटलं, तुमाले समजलं असन. इथलेच ना तुमी?

भूपेंद्र : चार वर्षं मी त्या एका शब्दाच्या आधारानं झोपतोय, वहिनी.

देवकाबाई : झोप लागली ना? त्याच्यासाठीच सांगितलं होतं.

भूपेंद्र : मग खरं काय म्हणाला तो?

देवकाबाई : आता कायले पाह्यजे थे?

भूपेंद्र : मी नव्हतो, म्हणून.

देवकाबाई : म्हणे, "पायावर चादर टाक वं, पाय थंडे पडून राह्यले."

भूपेंद्र : एवढंच?

देवकाबाई : एवढंच. मी टाकली. वर पाह्यलं तं झालं होतं.

भूपेंद्र : चित्रात कॅप्टनचा झगा बाजूलाच पडलाय. पायही उघडेच आहेत. पण फुगा केवढा सोडलाय त्यांनी! सात ओळींचा.

देवकाबाई : राहू द्या मोकळा. मरतानी कोन सात ओळी बोलते?

भूपेंद्र : लिहितो. "पायावर... झगा... टाक."

देवकाबाई : भाऊजी, एक करा. "जरासक टाक" असं लिवा. थे "जरासक" म्हणाले होते.