रणगाड्यातली मोकळी जागा

वडिलांचा दहावा उरकून शिवकन्या परभणीहून जिंतूरच्या बसमध्ये बसली होती. तिच्या मागच्या सीटवर एक म्हातारं जोडपं होतं. सुट्टी संपलेल्या फौजी मुलाला स्टेशनवर सोडून ते परतत होते.

"म्हणे रणगाड्याला दोन पत्रे, अन् मधी पोकळ. लोखंड पुरलं नसंल," म्हातारा म्हणाला.

"तसं न्हाई. गोळा बाहेरच्या पत्र्यावर फुटतो. त्याच्या आगीची धार मोकळ्या जागेत फाकती, आतल्या पत्र्यापोत्तर जोर राहत न्हाई. आपल्या आदिनाथनंच सांगितलं की."

"त्यो काय बी सांगतो. मी घराची भिंत दोन हात जाड घातली, दगडावर दगड. वारा खेळायला मधी जागा ठिवली का?"

"तुमच्या भिंतीवर कोण गोळे टाकायलंय?"

"लय शहाणी तू. आत तीन माणसं बसत्यात, त्या पोकळीच्या भरवशावर."

"मग स्टेशनवर त्याला तीनदा का इचारलं, जागा किती रुंद हाय म्हणून?"

"सहज."

"काय म्हणला?"

"वीतभर."

शिवकन्येच्या सीटच्या दांडीवर मागून एका हाताची वीत अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणली गेली.

"त्याची वीत माझ्यापेक्षा मोठी हाय," म्हातारा म्हणाला. "बोटभर तरी."